आधी पासंग बघा

यंदाच्या जानेवारीतले तीन विकांत मी परंदवडीला घालवले. हापिसात सगळ्यांचा समज असा, की साहेब मावळात शेतावर हुरडा खात बसलेत. प्रत्यक्षात मी मामाच्या पॉलीहाउसमध्ये, गुलाबाच्या दोन वाफ्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत उकिडवा बसून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची एक थरथरणारी जाड रेघ बघत होतो, आणि दर विकांताला तिच्याबद्दल एक नवा चुकीचा निष्कर्ष काढत होतो. त्यातल्या एका निष्कर्षापायी मामाचा एक वाफा जळाला. म्हणून हा लेख.

सांगायचं आहे ते एवढंच: मोजायचं यंत्र स्वतः किती गोंगाट करतं, हे मोजल्याशिवाय त्या यंत्राने दुसऱ्या कशाचाही गोंगाट मोजू नये. वाक्य फारच साधं आहे, 'हात धुऊन जेवायला बसावं' इतकं. पण मला ते इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी शिकवलं नाही आणि नोकरीच्या इतक्या वर्षांत मी स्वतःहून शिकलो नाही.

तर झालं असं. मामाकडे गुलाबाचं पॉलीहाउस आहे. मावळात हे नवीन नाही, तळेगाव-वडगावच्या टापूत पांढऱ्या प्लास्टिकची ही घरं पदोपदी दिसतात. व्हॅलेंटाइन डेच्या फुलांची काढणी जानेवारीच्या शेवटी सुरू होते आणि वर्षाचं गणित बरंचसं त्या पंधरा दिवसांवर ठरतं. गुलाबाला ठिबकमधून पाण्याबरोबर खत जातं. पाण्यात खत किती विरघळलंय ते त्याच्या विद्युतवाहकतेवरून कळतं, शेतकरी त्याला नुसतं 'ईसी' म्हणतात. मामाला ईसी 1.8 च्या आसपास हवा असतो. कमी झाला तर खताचा पंप चालू करायचा, पुरेसा झाला की बंद. हे काम करणारा डबा दोन वर्षांपूर्वी मीच बनवून दिला होता. अर्डुइनो, एक रिले, छोटा पडदा आणि साठ मीटर लांब तारेच्या टोकाला ईसीचा सेन्सर. सेन्सर 0 ते 2.5 ईसीसाठी 0 ते 5 व्होल्ट देतो. दोन वर्षं डबा बिनतक्रार चालला. मामीच्या नजरेत मी शास्त्रज्ञ.

जानेवारीच्या पहिल्या विकांताला मामेभाऊ म्हणाला, "आकडा स्थिर राहत नाही रे. 1.80, 1.81, परत 1.80. शेवटचा आकडा सारखा हलतो." आता खरं तर यात काहीच बिघडलेलं नव्हतं. वाहत्या पाण्याचा ईसी हलणारच, आणि खरी किंमत दोन आकड्यांच्या सीमेवर असली की शेवटचा आकडा नाचणारच. पण मी नुकताच नवा डिजिटल स्कोप घेतला होता. शंभर मेगाहर्ट्झचा, आठ बिटांचा, माझ्या खिशाला परवडणारा. हातात नवा हातोडा आलेल्या माणसाला भिंतीत खिळे कमी आहेत असंच वाटतं. स्कोप गाडीत टाकून आणला होता, तो लावला.

सेन्सरच्या तारेवर प्रोब लावला आणि पडद्यावर रेघ आली ती केसाळ सुरवंटासारखी. टोकापासून टोकापर्यंत 12 मिलिव्होल्ट. अर्डुइनोची एक पायरी सुमारे 4.9 मिलिव्होल्टची. म्हणजे अडीच पायऱ्यांचा गोंगाट! शेवटचा आकडा का हलतो त्याचं उत्तर मिळालं. गणित इतकं सुंदर जुळलं की शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. (गणित जुळलं की माणूस शंका घेणं सोडतो, हा या लेखातला दुसरा धडा समजा.) मी लॅपटॉप उघडला. आधी प्रोग्राम 16 नमुन्यांची सरासरी घ्यायचा, ती मी 40 नमुन्यांची केली, डब्यात भरली आणि आकडा थोडा शांत झाल्यासारखा वाटला. पोळी-पिठलं खाऊन पुण्याला परत.

बुधवारी पहाटे मामेभावाचा फोन. "आरं, तुझं यंत्र शून्य दाखवतंय, आणि खताची टाकी रिकामी झालीय!"

रात्री केव्हातरी पडद्यावर 0.00 आलं, डब्याने समजूत करून घेतली की पाण्यात खतच नाही, आणि त्याने पंप चालू केला तो टाकी संपेपर्यंत. मामाने दिवसभर साधं पाणी सोडून माती धुतली, पण एका वाफ्यातल्या पानांच्या कडा जळाल्या आणि कळ्या माना टाकून बसल्या. काढणीला जेमतेम दोन आठवडे राहिलेले. मामा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या विकांताला मी पूर्ण तयारीने गेलो. शून्य म्हणजे तार तुटक लागत असणार किंवा तारेवर जबरदस्त गोंगाट येत असणार. स्कोप लावला. सुरवंट होताच. शिवाय आता बारकाईने बघितल्यावर ठरावीक अंतराने येणारे उंच काटे दिसले. एफएफटी लावला, म्हणजे सिग्नलमध्ये कुठल्या कुठल्या वारंवारता आहेत त्याचं चित्र काढलं, तर त्यात 65 किलोहर्ट्झच्या आसपास एक सरळ उभा खांब. बाजूलाच पाण्याच्या मोठ्या पंपाचा व्हीएफडी ड्राइव्ह होता. आरोपी सापडला! ड्राइव्ह बंद करून बघावं, हे मनात आलं होतं, पण पाणी चालू होतं आणि मामाला थांबायला सांगायची हिंमत नव्हती. निकाल तिथेच देऊन टाकला: तार बदलायची, जाळीचं कवच असलेली घ्यायची. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून साठ मीटर शिल्डेड केबल आणली, दोन माणसं लावून चर खोदला, जुनी तार काढली, नवी टाकली. सगळे मिळून नऊ हजारांच्या वर गेले, ते मामाने दिले.

आणि गुरुवारी परत 0.00. या वेळी मामेभाऊ जागा होता, त्याने हाताने व्हॉल्व्ह बंद केला म्हणून निभावलं.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी मी ओट्यावर स्कोप मांडून बसलो होतो. नव्याकोऱ्या शिल्डेड केबलवरही सुरवंट तोच, तेवढाच जाड, 12 मिलिव्होल्ट. मामा शेजारी येऊन बसला. बराच वेळ बघून त्याने विचारलं, "याचा पासंग बघितलास का?"

शहरात वाढलेल्यांसाठी: पासंग हा तराजूचा शब्द आहे. दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी एका बाजूला झुकत असेल, तर वरच्या पारड्याला जे थोडं वजन बांधून ती सरळ करतात तो पासंग. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' म्हणतो तो हाच. गुलाबाच्या आधी मामा भाजी विकायचा. रिकामा तराजू उचलून गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय त्याने कधी पहिलं वजन टाकलं नाही. मी दोन विकांत भरलेला तराजू घेऊन बसलो होतो, रिकामा एकदाही उचलला नव्हता.

मी प्रोब तारेवरून काढला. त्याचं टोक त्याच्याच जमिनीच्या चिमट्याला जोडलं आणि हवेत धरलं. म्हणजे मोजायला काहीही नाही, शून्य व्होल्ट. पडद्यावर सुरवंट तसाच! काटेही तसेच! मग प्रोबच काढून टाकला आणि स्कोपच्या तोंडाला थेट 50 ओहमचा टर्मिनेटर लावला. काटे गेले. सुरवंट राहिला, 1.2 मिलिव्होल्टचा. हा प्रोब दहापटीचा, म्हणजे सिग्नल दहा पटींनी बारीक करून आत पाठवणारा आणि पडद्यावर परत दहाने गुणून दाखवणारा. सिग्नल त्यातून सुखरूप परत येतो, पण स्कोपचा स्वतःचा गोंगाट मात्र फुकट दहाने गुणला जातो. 1.2 गुणिले 10 बरोबर 12. एफएफटीमधला 65 किलोहर्ट्झचा खांबही टर्मिनेटर लावलेला असताना ताठ उभा होता. पंपाचा ड्राइव्ह तेव्हा बंद होता.

थोडक्यात, सुरवंट स्कोपचा, खांब स्कोपचा, आणि काटे प्रोबच्या चिमट्याच्या वायरने हवेतून उचललेले. बिचारी तार निर्दोष. पहिलीसुद्धा निर्दोषच होती, ती आता मामाच्या गोठ्यामागे गुंडाळून पडली होती.

मग उरलं कोण? मी. रात्री प्रोग्राम उघडला आणि पाच मिनिटांत दिसलं. अर्डुइनोचं एक माप जास्तीत जास्त 1023. चाळीस मापांची बेरीज जास्तीत जास्त 40,920. ती मी ज्या डब्यात साठवत होतो तो सोळा बिटांचा पूर्णांक, त्यात 32,767 पेक्षा मोठा आकडा मावत नाही, तो उलटून उणे होतो. सोळा नमुन्यांची बेरीज 16,368 च्या वर जात नव्हती म्हणून दोन वर्षं सगळं ठीक. चाळीस केल्यावर सरासरी माप 819 च्या वर गेलं की खेळ खलास. 819 म्हणजे 4 व्होल्ट, म्हणजे ईसी 2.0. खताचा एखादा दाट झोत आला, ईसी क्षणभर 2.0 ओलांडून गेला, बेरीज उणे झाली, 'उणे आलं तर शून्य समज' ही माझीच शहाणपणाची ओळ, शून्य दिसलं म्हणून पंप चालू, पंप चालू म्हणून ईसी आणखी वर, म्हणून बेरीज उणेच. टाकी संपेपर्यंत.

जो गोंगाट तारेवर नव्हताच, तो शांत करायला मी सरासरी वाढवली होती. आजार नसलेल्या माणसाला औषध दिलं आणि औषधाने तो आजारी पडला.

असो. रडगाणं पुरे. आता कामाचं बोलू, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या टेबलावर असा स्वस्तातला स्कोप असेल किंवा लवकरच येईल.

पहिली गोष्ट, गोंगाट हा दोष नाही, तो निसर्ग आहे. कुठलाही रोध खोलीच्या तापमानाला आपोआप कुजबुजत असतो. बेल लॅबमधल्या जॉन्सनने हे मोजलं आणि नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं, दोघांचे निबंध 1928 चे. 50 ओहम आणि 100 मेगाहर्ट्झचा पट्टा धरला तर हा गोंगाट सुमारे 9 मायक्रोव्होल्ट येतो. माझ्या स्कोपचा आरएमएस गोंगाट सर्वांत उपयोगाच्या बारीक पट्ट्यावर, म्हणजे चौकटीला 5 मिलिव्होल्टवर, भरला 200 मायक्रोव्होल्ट, म्हणजे निसर्गाने लादलेल्या किमान पातळीच्या वीसपटीहून जास्त. बाकीचा त्याच्या पोटातल्या ॲम्प्लिफायरचा आणि आकडे करणाऱ्या चिपचा. आठ बिट म्हणजे 256 पायऱ्या. आठ चौकटींत त्या वाटल्या तर या पट्ट्यावर एक पायरी 0.16 मिलिव्होल्टची. पण चौकटीला 1 व्होल्ट लावलात की तीच पायरी 31 मिलिव्होल्टची होते! त्या पट्ट्यावर 10 मिलिव्होल्टची खोडी शोधणं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर कोथिंबिरीची जुडी मोजणं.

पासंग बघायची पद्धत अशी. स्कोप अर्धा तास चालू ठेवून तापू द्या. तोंडाला 50 ओहमचा टर्मिनेटर लावा, तो नसेल तर निदान काहीच लावू नका आणि तसं लिहून ठेवा. मग प्रत्येक पट्ट्यावर आरएमएस वाचा, सरासरी व्होल्टेज वगळून. टोकापासून टोकापर्यंतचा आकडा वाचू नका, कारण जितका जास्त वेळ बघाल तितका तो वाढत जातो, एखादा दुर्मिळ उंच थेंब कधीतरी येतोच. आरएमएस तसा पळत नाही. ढोबळ हिशेब असा, की आरएमएसच्या 6.6 पटीत 99.9 टक्के नमुने येतात. हेच सगळं एकदा पूर्ण पट्टारुंदीवर करा आणि एकदा 20 मेगाहर्ट्झची मर्यादा लावून. गोंगाट सगळ्या वारंवारतांवर सारखा पसरलेला असेल तर तो पट्टारुंदीच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे 100 वरून 20 वर आलात की तो निम्म्याहूनही कमी व्हायला हवा. माझा 200 वरून 90 मायक्रोव्होल्टवर आला. ईसीच्या सेन्सरसारखं संथ प्रकरण बघायला 100 मेगाहर्ट्झ उघडे ठेवून मी काय साधत होतो, देव जाणे. काही स्कोपमध्ये सर्वांत बारीक पट्टा हा आतून वरच्याच पट्ट्याचं मोठं केलेलं चित्र असतो. तिथे पट्टा बारीक करूनही मिलिव्होल्टमधला गोंगाट कमी होत नाही. तेही या कोष्टकात लगेच उघडं पडतं.

कोष्टक झालं की वजाबाकी करता येते, पण साधी नाही. एकमेकांशी संबंध नसलेले गोंगाट वर्गांनी मिसळतात. पडद्यावर 5 दिसतात आणि स्कोपचे स्वतःचे 4 आहेत, तर सिग्नलचे 1 नाहीत, 3 आहेत. शाळेतला पायथागोरस. आणि पडद्यावर 4.1 दिसत असतील तर सरळ म्हणावं, की माझ्या काट्याला हे माल दिसत नाही.

दुसरी गोष्ट, ते खांब, म्हणजे फसवे सिग्नल. हे साध्या गोंगाटापेक्षा जास्त धोकादायक, कारण ते गोंगाटासारखे दिसत नाहीत. ते पुराव्यासारखे दिसतात. स्कोपचा स्वतःचा वीजपुरवठा, पडद्याचा दिवा, नमुने घेणाऱ्या चिपचं घड्याळ, दोन-चार चिपांनी आळीपाळीने नमुने घेताना त्यांच्यात राहिलेला सूक्ष्म फरक, या सगळ्यांचे खांब एफएफटीत उगवतात. ओळखायच्या तीन युक्त्या. टर्मिनेटर लावल्यावर खांब राहिला तर तो बाहेरचा नाही, निदान प्रोबमधून आलेला नाही. नमुने घेण्याचा वेग बदलल्यावर खांब जागेवरून सरकला तर तो खऱ्या वारंवारतेचा नाही, नमुना घेण्याच्या क्रियेतून आलेला आहे. आणि व्होल्टचा पट्टा बदलल्यावर खरा 1 मिलिव्होल्ट 1 मिलिव्होल्टच राहतो, पोटातला खांब मात्र मिलिव्होल्टमध्ये वाढतो-घटतो. शिवाय नोंदीची लांबी दुप्पट केली की एफएफटीतली गोंगाटाची गादी 3 डेसिबलने खाली जाते आणि खांब तेवढाच राहतो, त्यामुळे गादीत लपलेले बारके खांबही वर येतात. ते एकदा मोजून कागदावर उतरवून ठेवायचे. घरातल्या पालींसारखं आहे, किती आहेत आणि कुठे असतात हे माहीत असलं की दचकायला होत नाही.

तिसरी गोष्ट, प्रोबचा चिमटा. ती वीतभर काळी वायर आणि प्रोबचं टोक मिळून एक वेटोळं होतं, आणि वेटोळं म्हणजे अँटेना. जवळ व्हीएफडी असेल तर ते काटे पकडणारच. टोकाशी लावायचं स्प्रिंगचं आकडं बहुतेक प्रोबबरोबर पिशवीत येतं. ती पिशवी बहुतेकांनी उघडलेली नसते. मीही नव्हती.

आता यावर माझा एक मित्र म्हणतो, "अरे, पाच व्होल्टचे सिग्नल बघणाऱ्याला कशाला हवं हे पुराण?" नसेलच हवं. पाच व्होल्टच्या चौकोनी लाटेला 12 मिलिव्होल्टने काय फरक पडतो! पण आपण 'सिग्नल आहे का' या प्रश्नावरून 'सिग्नल स्वच्छ आहे का' या प्रश्नावर कधी घसरलो हे आपल्याला कळत नाही. मला कळलं नाही. यंत्र तेच, प्रोब तोच, प्रश्न बदलला की तराजूची लायकी बदलते. दुसरा म्हणतो, "बारा बिटांचा घे, आता स्वस्तात मिळतात." मिळतात, आणि चांगले असतात. 256 च्या जागी 4096 पायऱ्या. पण पुढचा ॲम्प्लिफायर कुजबुजणारा असेल तर जास्त बारीक पायऱ्यांनी त्याची कुजबुजच जास्त बारकाईने मोजली जाईल. पासंग त्याचाही बघावाच लागेल.

माझी खरी तक्रार आपल्या शिकण्याच्या पद्धतीशी आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्या वाट्याला जुना सीआरओ होता. प्रॅक्टिकल एक: सीआरओने व्होल्टेज आणि वारंवारता मोजा. प्रॅक्टिकल दोन: लिसाजूच्या आकृत्या. जर्नलमध्ये सुबक साइन लाटा, त्यातल्या निम्म्या शेजारच्याच्या जर्नलवरून. त्या काचेवर रेघ बारीक दिसायची, कारण क्वचित येणारे उंच काटे फॉस्फरवर इतके मंद उमटतात की डोळ्याला दिसतच नाहीत. डिजिटल स्कोप मात्र क्वचित आलेल्या ठिपक्यालाही बाकीच्यांइतकाच ठळक रंगवू शकतो, म्हणून तोच सिग्नल त्यावर जास्त घाण दिसतो. हा फरक कोणी सांगितला नाही. इनपुट बंद करून यंत्राचा स्वतःचा गोंगाट मोजा, असं एकही प्रॅक्टिकल नव्हतं. जर्नलमधलं उत्तर पुस्तकाशी जुळलं की मास्तरांची सही मिळायची. जुळलं की शंका संपली, ही सवय तिथेच लागते.

माझं म्हणणं, पहिलं प्रॅक्टिकल हेच असावं. साहित्य: एक स्कोप, एक टर्मिनेटर. काढायची आकृती: काहीच नाही. मोजा आणि लिहा. दोन तासांत पोराला कळेल की यंत्र म्हणजे साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते. अशा मोजणाऱ्या यंत्रांच्या चाचण्यांसाठी आयईईईचं 1057 क्रमांकाचं प्रमाण आहे, 2017 साली त्याची नवी आवृत्ती आली. विकणाऱ्यांनीही पट्टारुंदी आणि नमुन्यांचा वेग मोठ्या अक्षरांत छापताना प्रत्येक पट्ट्यावरचा आरएमएस गोंगाट शेजारी छापावा. काही चांगले उत्पादक छापतात. स्वस्तातल्या खोक्यांवर तो आकडा शोधून सापडत नाही.

हे सगळं सोवळं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आपल्याच पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जाऊन यावं. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणारा सिग्नल हाच मुळात गोंगाट, आणि तो दुर्बिणीच्या स्वतःच्या गोंगाटाखाली गाडलेला. म्हणून तिथे रिसीव्हरच्या तोंडाशीच माहीत असलेल्या ताकदीचा गोंगाट मुद्दाम सोडायची सोय आहे. मापाचं वजन पारड्यात टाकून बघायचं आणि मग बाकीचं बोलायचं. याच दुर्बिणीची निरीक्षणं वापरून भारतीय पल्सार टायमिंग ॲरेच्या लोकांनी 29 जून 2023 ला युरोपातल्या सहकाऱ्यांबरोबर, गुरुत्वीय लहरींची विश्वभर भरून राहिलेली गुणगुण असल्याचे पुरावे मांडले. ती गुणगुणही गोंगाटासारखीच दिसते. यंत्राचा, वाटेतल्या वायूचा, पल्सारचा स्वतःचा, असे सगळे गोंगाट एकेक करून वेगळे काढल्यावर जे उरलं त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

आणि हे न केल्यावर काय होतं त्याचीही गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या 64 मीटरच्या तबकडीवर वर्षानुवर्षं विचित्र रेडिओ स्फोट दिसायचे. 2015 साली उलगडा झाला: कोणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हन पूर्ण थांबायच्या आधीच त्याचं दार उघडत होतं! हसण्यासारखंच आहे, पण पुढचं ऐका. याच दुर्बिणीच्या नोंदींत 2007 साली दूरच्या अवकाशातून आलेला एक खराखुरा स्फोट सापडला होता, आणि या ओव्हनवाल्या स्फोटांमुळे काही वर्षं त्याच्याकडेही संशयाने बघितलं गेलं. पासंग न बघण्याचे असे दोन तोटे. खोटं खरं वाटतं, आणि खऱ्यावरचा विश्वास उडतो.

मामाच्या बाबतीत दुसऱ्या तोट्याची मला जास्त भीती होती. बेरजेचा डबा बत्तीस बिटांचा केला, 'उणे आलं तर शून्य समज' ही ओळ काढून त्या जागी 'उणे आलं तर पंप बंद आणि भोंगा चालू' अशी लिहिली, केबलचे आणि मजुरीचे पैसे मामाच्या हातात ठेवले. त्याने केबलचे घेतले नाहीत. "चांगली आहे, राहू दे," म्हणाला. त्या वाफ्यातून या वेळी काढणी झाली नाही, बाकीच्यांतून झाली. डबा अजून चालू आहे, पण मामा आता रात्री झोपण्याआधी स्वतः जाऊन हातातल्या ईसी मीटरने एकदा ताडून बघतो. आधी बघत नव्हता. मला ते लागतं, आणि ते बरोबरही आहे.

स्कोपच्या पाठीला मी आता एक कागद चिकटवलाय. प्रत्येक पट्ट्यावरचा आरएमएस, सहा खांबांच्या जागा, आणि तारीख. वर मामेभावाने मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: पासंग.

तुमच्याकडे स्कोप असेल तर येत्या विकांताला हा कागद बनवा. दोन तास लागतात. माझे तीन विकांत, साठ मीटर केबल आणि एक वाफा गेला.